पाणी मुरलेला माणूस

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात ते मी बऱ्याच गावांतून ऐकलेलं होतं. लग्न झालंय का, पाहुणे किती येणार, मटण शिजवणार का. कोल्हापुरातल्या माझ्या घरमालकांनी यातलं काहीएक विचारलं नाही. ते ओट्यावर बसून ओल्या धोतराचा पिळा झटकत होते. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "मास्तर, इडा लावाय येतो का?"

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. साताऱ्याकडचा माणूस, पानाचा फारसा षौक नव्हता, पण हात स्थिर होता. येतो म्हणालो. त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला, डोळे मिटले आणि चिमटीत नाक धरलं. मला वाटलं, गृहस्थाचं डोकं ठिकाणावर नसावं. पण खोली हवी होती. मी पान पुसलं, देठ खुडला, शिरा काढल्या, चुना लावला, कात लावला, सुपारी कातरली, घडी घालून वर लवंग टोचली. विडा पुढे केला तेव्हा कुठे त्यांनी नाक सोडलं.

"जमतंय," ते म्हणाले. "ऱ्हावा."

हे आमचे मामा. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. धंदा पाणबुड्याचा. विहिरीत घागर पडली, कळशी पडली, पाणी ओढताना नाकातली नथ गळून पडली, की मामांना बोलावणं यायचं. छत्रपतींचं राज्य होतं, गावात नळ फार थोडे आणि बायकांच्या हातून निसटणारी तांब्यापितळेची भांडी पुष्कळ. गडमुडशिंगीपासून कोडोलीपर्यंत कुठंही काही बुडालं की सकाळी सकाळी आमच्या दारात बैलगाडी उभी राही. मामा उडी मारत आणि काठावर बसलेला माणूस विडा लावायला घेई. विडा पुरा होईतो मामा तळाशी. विडा झाला की डोकं वर, आणि हात ओले म्हणून आ करून विडा थेट तोंडात. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या दमाचं माप म्हणजे एक विडा, आणि त्याचा सगळ्या मुलखात बोलबाला होता. माझ्या आधीचा भाडेकरू म्हणे सुपारी फार बारीक कातरायचा. त्याच्यापायी मामांना काम उरकल्यावरही तळाशी उगाच बसून राहावं लागे, म्हणून त्याला खोली सोडायला लावली होती, आणि विडा लावायचं ते काम आता माझ्याकडे आलं होतं.

जन्म पाण्यात घालवलेला हा माणूस घरी अंघोळ करत नसे. मामींनी पाणी तापवलं की म्हणत, "दिसभर त्येच तर करतोय." आणि पावसाला तर इतके भीत, की चार थेंब पडले तरी छत्री उघडून बसत. एकदा मी हसलो तेव्हा मला त्यांनी समजावून सांगितलं, "मास्तर, माणसानं पाण्याकडं जावं. पाण्यानं माणसाकडं येऊ नये. वरनं आलेलं पाणी अंगाला बरं न्हवं."

उडी मारण्याआधी ते विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखत आणि त्या घराविषयी एक वाक्य बोलत. "सासूसुनंचं पटत न्हाय हितं." किंवा, "थोरल्या भावाचा जीव हितं लागत न्हाय." हे इतकं खरं निघे, की लोक त्यांना पाण्यातलं ज्ञान आहे असं समजत. मला वाटतं, ते ज्ञान पाण्यातलं नसून तळातलं असावं. सुनांनी रागानं टाकलेली सासूची लाटणी, आणाभाका मोडल्यावर फेकलेले ताईत, नको झालेल्या वस्तू, हे सगळं ते बघत असणार. पण वर आल्यावर ज्यासाठी बोलावलं तेवढंच त्यांच्या हातात असे. पन्हाळ्याच्या वाटेवर एका व्यापाऱ्याच्या विहिरीतून चांदीचं फुलपात्र काढून आल्यावर त्यांनी लगेच दुसरा विडा मागितला. परत येताना मी गाडीत खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "तळाचं तळाला ठेवावं, मास्तर. समदं वर काढलं तर हिरीत पाणी ऱ्हाईल, पर गावात माणसं ऱ्हाणार न्हाईत."

अशा माणसाला वैशाखात घोंगडी पांघरून बसलेलं मी पाहिलं, तेव्हा ती त्यांची आणखी एक लहर समजलो. गल्लीत कुत्री सावली शोधत फिरत होती आणि मामा घोंगडीतून नुसतं नाक बाहेर काढून म्हणत होते, "गारठा लई पडलाय न्हवं?"

त्याच उन्हाळ्यात गडमुडशिंगीला एका मळ्यात हंडा पडला. मामांनी उडी मारली. मी पानाच्या शिरा काढतोय तोच डोकं वर. हात रिकामे, तोंड उघडं, दगडाच्या कपारीला धरून नुसता घुसमटल्यासारखा श्वास घेत होते. विड्याला अजून चुनासुद्धा लागला नव्हता. ते मळ्याच्या मालकावर उखडले.

"पावणं, हीर खोल केलीसा व्हय?"

"न्हाय की."

"केलीसा. मला सांगितलं न्हाय."

"मामा, माझ्या आज्यानं खणली, त्येच्यामागं कुदळ लागली न्हाय बगा."

"मग पाणी जड झालंय," मामा म्हणाले आणि घोंगडी मागितली.

पुढे कोडोलीची विहीरही खोल झाली. मग आमच्या गल्लीतली. मामांच्या हिशेबानं त्या वर्षी सगळ्या करवीर इलाख्यातल्या विहिरींनी तळ सोडला होता. विहिरींवर आळ घेऊन झाल्यावर पाळी माझी आली. मी मंद झालो आहे, पान लावताना माझं लक्ष नसतं, शाळेत पोरांना कमळं काढायला लावून माझ्या हाताला आळस चढलाय. मी मुकाट्यानं ऐकून घेई. खोली सोडावी लागेल या भीतीपेक्षा मला त्यांच्या ओठांच्या निळसर रंगाची भीती वाटत होती.

मामींनी एके दिवशी मला चुलीपाशी बोलावलं. या बाई कमी बोलत आणि बोलल्या की ते काम करूनच घेत. "मास्तर," त्या म्हणाल्या, "चुना-कात घरनंच लावून नेत जावा. ह्यास्नी सांगू नका."

तसं सुरू झालं. मी घरून चुना-कात लावलेलं पान फडक्यात गुंडाळून नेई आणि मामा पाण्यात गेले की डब्यातून हळूच बाहेर काढी. मग सुपारीही घरून कातरून नेऊ लागलो. शेवटी शेवटी काठावर नुसती घडी घालून लवंग टोचायची एवढंच उरलं. मामा वर यायचे, विडा तयार बघून खूश व्हायचे. "बगा, दम हाय का न्हाय?" असं लोकांना विचारायचे आणि विडा गालात धरून काठावर बसून राहायचे. चावायलासुद्धा श्वास शिल्लक नसे. पण रिकाम्या हातांनी वर यायचं प्रमाण वाढत गेलं, आणि दारात येणाऱ्या बैलगाड्या कमी झाल्या.

मग ते फुगू लागले. आधी डोळ्यांखाली, मग सगळं तोंड, मग पाय. आवाज घोगरा आणि जाड झाला, जीभ तोंडात मावेना. बोलणं इतकं संथ झालं, की त्यांनी "मास्तर" म्हणून हाक मारली की मी वहाणा घालून, छत्री घेऊन दारापर्यंत आलो तरी पुढचा शब्द यायचा असे. भुवयांची टोकं झडली. नदीच्या घाटावरच्या पायऱ्या चढताना ते दर थोड्या वेळानं थांबत आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून दगडांची तारीफ करत. दुपारी झोपले की घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. ते मध्येच बंद पडे. गल्लीतल्या बायका हातातलं काम थांबवून कान देत. मामी लाटणं घेऊन उशाशीच बसलेल्या असत, त्या ढोसत, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं की सगळी गल्ली पुन्हा कामाला लागे.

गल्लीचं निदान एकमुखी होतं. लोणच्यात मीठ मुरतं तसं मामांच्या अंगात पाणी मुरलंय. सगळा जन्म विहिरीत घालवला, पाणी कुठं जाणार? अंग गार पडलंय, सुजलंय, आवाज बुडबुडतोय, आता आणखी काय पुरावा पाहिजे? मामांनाही हे पटलं. म्हणजे दम गेलेला नाही, नुसतं ओझं वाढलंय. एकदा वाळलो की झालं.

मग मामांना वाळवायचा कार्यक्रम सुरू झाला. आमटी बंद, ताक बंद, कोरडी भाकरी आणि चटणी. सकाळी पापडांबरोबर त्यांना अंगणात उन्हात बसवत आणि दुपारी पापड उलटताना मामी त्यांनाही दुसऱ्या अंगावर वळायला सांगत. तापवलेल्या मिठाच्या पुरचुंड्या बांधून झाल्या. काही फरक पडेना, तेव्हा उसाचा हंगाम लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून त्यांना मामींच्या भावाच्या गुऱ्हाळावर नेलं. तिथं काहिलीत रस उकळत असतो आणि तिच्याखाली दिवसभर चुलवाण धगधगतं. त्या चुलवाणाजवळ मामांना घोंगडीसकट बसवलं. मी सुट्टीच्या दिवशी ताज्या गुळाच्या आशेनं बघायला गेलो.

डॉक्टर तिथंच भेटले. दरबारच्या दवाखान्यात नवे आलेले, मुंबईला शिकलेले, पण मूळ इथल्याच एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. गुऱ्हाळावरच्या एका गड्याच्या पायावर उकळता रस सांडला होता, त्याला बघायला आले होते. पट्टी बांधता बांधता त्यांची नजर मामांवर गेली आणि तिथंच राहिली. गुऱ्हाळावर माणसं उघडी होऊन घामानं निथळत होती. मामा जाळाच्या तोंडाशी घोंगडी पांघरून बसलेले आणि कपाळ कोरडं ठणठणीत.

डॉक्टर उठून आले. त्यांनी कपाळाला हात लावला, कातडी चिमटीत धरून पाहिली, गळा चाचपला, छाती बोटांनी ठोकून ठोकून ऐकली. मग हातभर अंतरावर दिवा धरून फुंकायला सांगितलं. विहिरीच्या तळाशी विडाभर बसणाऱ्या माणसाला तो दिवा विझवता आला नाही. ज्योत थोडी वाकली आणि सरळ झाली. मामा तिच्याकडे बघत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मामा, तुमच्या गळ्यात इथं एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "ह्या चुलवाणात जाळ घालणारा गडी हाय न्हवं, तसं तिचं काम. तुमचा गडी झोपलाय. जाळ मंद, म्हणून अंग गार, घाम न्हाय, समदं काम संथ. छातीचे स्नायू बी मंद पडलेत, भाता पुरा फुलत न्हाय. जीभ आणि घसा सुजलाय, म्हणून झोपंत वाट बंद होतीया. आणि श्वास घे म्हणून डोकं जे सांगत असतंय, ते बी सांगायचं विसराय लागलंय."

"आनि पाणी?" मामींनी विचारलं.

डॉक्टर जरा घुटमळले. "छातीत, फुप्फुसाच्या बाहेरनं, थोडं पाणी साठलंय खरं."

"म्या म्हणतच हुते," मामी भावाकडे वळून म्हणाल्या.

ते पाणी विहिरीतलं नाही, रोगामुळं अंगातच साठलेलं आहे, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. ते कुणीही मनावर घेतलं नाही. पुढे कित्येक वर्षं गल्लीत सांगत, डॉक्टरनं छाती ठोकून बघितली तर आत हीर.

"मी सांगेपर्यंत पाण्यात पाय घालायचा न्हाय," डॉक्टरांनी बजावलं. "तळाशी गेलासा तर वर यायचं सुचायचं न्हाय तुमास्नी."

मामांनी विचारलं, "मला परत तळ दिसंल का?"

"दिसंल कदाचित. दमानं घ्या."

"कदाचित," मामा म्हणाले. घरी येताना गाडीत ते एकदाच बोलले. "मास्तर, पाण्याभाईर मी कोण हाय?" मी गुळाचा खडा पुढे केला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

औषध मुंबईहून रेल्वेनं यायचं होतं. मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून केलेल्या गोळ्या, असं डॉक्टरांनी सहज सांगितलं आणि तिथंच चूक केली. कोल्हापुरात असं सांगायचं नसतं. मामांनी विचार केला आणि मामींना म्हणाले, "मेंढीच्या गळ्यातलं असंल तर गोळी कशापायी? रस्सा करू की."

शेजारी मुलाणी चाचा राहत. बकरी कापायचा त्यांचा पिढीजात धंदा. गळ्याकडचा तो भाग ते फेकूनच देत. तो आता रोज आमच्याकडं येऊ लागला. मामींनी खोबरं भाजून, तिखट सढळ टाकून असा काही रस्सा केला, की मीही वाटी पुढे केली. चाचाही बसले. रोज पातेलं भरून रस्सा होत होता आणि औषधाला नाही कसं म्हणायचं? आठवडा-दोन आठवड्यांत मामांच्या अंगात ऊब आली, तोंड उतरलं. सगळे आनंदले. मग मामी भल्या पहाटे अंगण दोनदोनदा झाडू लागल्या. चाचांची झोप उडाली, ते बकऱ्यांशी भांडू लागले. माझं काळीज उगाच धडधडायला लागलं. शाळेत मी फळ्यावर सरळ रेघ ओढायला गेलो आणि ती रंकाळ्यावरच्या लाटेसारखी गेली. पोरांनीही तशीच काढली, मास्तरांनी काढली म्हणून.

गोळ्या घेऊन डॉक्टर आले तेव्हा आम्ही सगळे पंगतीला बसलो होतो. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, मामांची नाडी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. इतका शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी आम्हाला झाडून काढलं. झोपलेल्या गड्याला उठवायचं तर हळू हाक मारायची, अंगावर घर पेटवायचं नाही. या वयाला काळीज बंद पडलं असतं. आणि हे बाकीचे कशाला खातायत?

"साथीला," चाचा म्हणाले.

रस्सा बंद झाला. माझा हात थाऱ्यावर आला, आणि मामांच्या गोळ्या अगदी थोड्यापासून सुरू झाल्या. डॉक्टर महिन्यामहिन्यानं प्रमाण वाढवत गेले. आवाज पहिल्यांदा परतला. मग एके दुपारी ते घोरलेच नाहीत, तर गल्लीतल्या बायका घाबरून बघायला आल्या. घोंगडी खुंटीवर गेली. छातीतलं पाणी ओसरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामींनी कुठल्या वाटेनं गेलं म्हणून विचारलं. घाटाच्या दगडांची तारीफ थांबली. दिवा मात्र मामा रोज फुंकत. तो पहिल्यांदा विझला त्या संध्याकाळी त्यांनी तो दहादा लावायला लावून दहादा विझवला. मग ओट्यावर नाक धरून बसायची तालीम सुरू झाली आणि मी समोर विडा लावत असे. कोरड्या जमिनीवर विडा पुरा होऊ लागला. तरी डॉक्टर पाण्यात जाऊ देईनात, आणि मामाही मागेनात. मला कळत होतं, ते घाबरले होते. ज्योत न विझलेली त्यांना दिसत असणार. पाण्याच्या गोष्टी निघाल्या की विषय बदलत.

अखेर उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. मामा म्हणाले, बघू पुढं. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी गल्लीतल्या विहिरीवर ओरडा झाला. मामींच्या हातून घागर पडली होती. त्या विहिरीवर मामींनी उभा जन्म पाणी ओढलेलं, त्यांच्या हातून कधी पोहरासुद्धा निसटला नव्हता. दोर तर गुंडाळी करून नीट काठावर ठेवलेला. "सुटली हातातनं," त्या म्हणाल्या आणि आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या.

मामा आले. त्यांनी दोराकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. चव काय लागली ते सांगितलं नाही. मी माझा डबा घेऊन कडेला बसलो. तोवर कुणीतरी डॉक्टरांनाही बोलावून आणलं होतं. मामांनी उडी मारली.

मी जुन्या सवयीनं, आणि खरं सांगायचं तर भीतीनं, घरूनच चुना-कात लावून आणलं होतं. पान काढलं, घडी घातली, लवंग टोचली. विडा तयार. मामा वर आले नाहीत. मी विडा धरून बसलो. पाणी स्थिर झालं होतं. डॉक्टर कोट काढू लागले. चाचांनी डोळे मिटून हात वर केले. मामी काठावर वाकल्या आणि इतका वेळ न बोललेल्या त्या बाई एकदम म्हणाल्या, "अवो, घागर ऱ्हाऊ द्या, वर या."

पाणी फुटलं. आधी घागर, मग मामा. त्यांनी घागर मामींच्या हाती दिली, कपारीला हात टेकला आणि सावकाश, अगदी सावकाश श्वास घेतला. मी विडा पुढे केला. त्यांनी आ केला नाही. ओल्या बोटानं घडी जरा उकलून पान आतून चाचपलं.

"कात वाळलाय," ते म्हणाले. "घरनं लावून आणलासा."

मी मामींकडे पाहिलं. मामींनी पदर डोळ्यांना लावला होता.

"तवाबी घरनंच आणत हुतासा," मामा म्हणाले. "तोंडात घेतल्याव कळत न्हाय व्हय मला? तळाचं तळाला ठेवलं. पर आता ह्यो चालणार न्हाय, मास्तर. हितं बसून लावा. देठ खुडण्यापासनं."

आणि कुणी काही म्हणायच्या आत ते पुन्हा खाली गेले. मी नवं पान घेतलं, पुसलं, देठ खुडला. चुना लावताना माझा हात इतका कापत होता, की अर्धा चुना धोतरावर सांडला. या खेपेला रश्श्याचा काही संबंध नव्हता.